बातमी पुढे गेली : एका दिवाळी अंकातल्या विज्ञानकथेचं प्रकरण

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना कल्पना कुठून सुचतात हे सगळेच विचारतात. कथा लिहून झाल्यापासून छापून येईपर्यंत जग पुढे निघून गेलं तर काय करता, हे फारसं कुणी विचारत नाही. पुढचं प्रकरण नेमकं त्याबद्दल आहे. ते २०२३ च्या पावसाळ्यात घडलं. लेखिका आणि संपादक, दोघांच्या संमतीनं ते लिहिते आहे. माणसं, गाव आणि अंक ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्या अंकाचं मुद्रितशोधन माझ्याकडे असल्यामुळे कथेचे सगळे खर्डे माझ्या हाताखालून गेले.

पार्श्वभूमी

लेखिका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. तिचं लिहिणं पहाटे, घर जागं व्हायच्या आत. आधी वहीत, मग रविवारी संगणकावर. जूनमध्ये प्रवेशाची गडबड, जुलैत प्रात्यक्षिकांच्या तुकड्या लावायच्या, ऑगस्टमध्ये घटक चाचणी आणि पेपरांचे गठ्ठे. त्यामुळे तिची कथा खऱ्या अर्थानं मे महिन्याच्या सुट्टीतच लिहून होते. वर्षाला एक, फार तर दोन. आपल्याकडे विज्ञानकथा लिहून घर चालवणारा लेखक शोधून सापडायचा नाही. तिचीही तशी अपेक्षा नाही.

दिवाळी अंकाचं वेळापत्रक बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून थोडक्यात सांगते. संपादकांचं निमंत्रणाचं पत्र उन्हाळ्यात येतं. मजकूर जुलैच्या मध्यापर्यंत द्यायचा. मग तो चित्रकाराकडे आणि अक्षरजुळणीला एकाच वेळी जातो. युनिकोडमधला मजकूर जुळणीच्या जुन्या फाँटमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात, ती आम्ही शोधतो. पानं लागतात आणि सोळा पानांचा एक असे फर्मे छपाईला सुटू लागतात. जाहिराती उशिरा येतात, म्हणून त्यांचे फर्मे शेवटी, कथांचे आधी. म्हणजे मे महिन्यात लिहिलेली कथा सप्टेंबरात गोठते आणि वाचक ती नोव्हेंबरात, फराळाच्या ताटाशेजारी वाचतो. प्रेमकथेला या सहा महिन्यांनी काही होत नाही.

त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. सगळे सण पुढे सरकले आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं. संपादकांना एरवीपेक्षा मोकळा वेळ मिळाला. या प्रकरणात हा अधिक महिना फार कामी आला.

कथा अशी होती. भारताचं यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरायला जातं आणि २०१९ सारखंच शेवटच्या टप्प्यात गप्प होतं. देश हळहळतो, नियंत्रण कक्ष रिकामा होतो. बंगळुरूजवळ ब्यालालूला इस्रोच्या मोठ्या अँटेना आहेत. तिथे काम करणारा सातारा जिल्ह्यातला एक तंत्रज्ञ मात्र ऐकत राहतो. आणि त्याला काहीतरी ऐकू येतं. ते यानाकडूनच येतंय की आणखी कुठून, यावर कथा उभी होती. कथा चांगली होती. तो माणूस खरा वाटत होता.

पहिल्या खर्ड्यात तारीख नव्हती, ‘त्या वर्षीच्या पावसाळ्यात’ एवढंच होतं. ६ जुलैला इस्रोनं जाहीर केलं की चांद्रयान-३ चं उड्डाण १४ जुलैला होईल आणि ते ऑगस्टच्या २३-२४ च्या सुमारास उतरेल. लेखिकेनं पाठवायच्या आधी कथेत वर्ष घातलं, महिना घातला, संध्याकाळी सहाचा सुमार घातला. कथेला एकदम धार आली. संपादकही खूश झाले. या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि तो निर्णय आहे हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

अडचण

१९ ऑगस्टला रशियाचं लूना-२५ चंद्रावर आदळलं. दुसऱ्या दिवशी संपादकांचा तिला फोन. “मॅडम, तुमची कथा खरी होते की काय?” ती म्हणाली, “सर, तसं होऊ नये म्हणून मीच देव पाण्यात घालून बसलेय.”

२३ ऑगस्टला संध्याकाळी महाविद्यालयाच्या सभागृहात पडदा लावला होता. भौतिकशास्त्राच्या बाई म्हणून माइक तिच्याच हातात. वेग कसा उतरतोय, यान आडव्याचं उभं कसं होतंय, हे ती मुलांना सांगत होती. सहा वाजून चार मिनिटांनी यानाचा लँडर, विक्रम, उतरला. मुलं बाकांवर चढली. तिनं मला नंतर सांगितलं की त्या आनंदात तिला कथेची आठवण रात्री भांडी आवरताना झाली.

अडचण दुहेरी होती. पहिली सरळ: कथेतली घटना खोटी ठरली होती. तेवढ्यानं विज्ञानकथा मरत नाही. गेल्या शतकातल्या कथांतली किती भाकितं खरी ठरली? पण जुन्या कथेतलं चुकलेलं भाकीत वाचकाला गंमतीचं वाटतं, कारण मध्ये काळ गेलेला असतो. इथे अडीच महिन्यांपूर्वी ज्या वाचकानं पेढे वाटले, त्याच्याच हातात अपयशाची कथा पडणार होती. दुसरी अडचण सुराची. कथेतली हळहळ मनापासून लिहिलेली होती, पण २३ ऑगस्टनंतर ती अपशकुनी वाटू लागली. संपादकांना खरी भीती याची होती, चुकीच्या तारखेची नव्हे.

त्यात पान लागलं होतं. चित्रकाराचं रेखाटन आलं होतं: काळं आकाश, कललेलं चार पायांचं यान आणि एका माणसाची पाठ.

समोरचे पर्याय

२४ तारखेला दोघं बराच वेळ बोलली. मग आठवडाभर व्हॉट्सॲपवर चर्चा चालली. मी मधूनमधून टोचत होते.

कथा मागे घेऊन पुढच्या वर्षी द्यायची, हा सगळ्यात सोपा मार्ग. पण पुढच्या वर्षी ती आणखी शिळी झाली असती. शिवाय कथेची पानं रिकामी पडली असती आणि एवढी पानं पानपूरकांनी भरत नाहीत.

चंद्राऐवजी गुरूचा एखादा उपग्रह घ्यायचा, हा संपादकांचा पर्याय. मला तो पहिल्यापासून पटला नाही. कथेतला तंत्रज्ञ ऐकतो ते आपल्या डोक्यावर दिसणाऱ्या गोष्टीचं. तिथे युरोपा घातला की त्याच्या आईनं अंगणातून बोट दाखवण्याचा प्रसंगच जातो. संदेश यायला पाऊण तास लागतो ते वेगळंच.

संपादकांनी चौकट टाकायचीही तयारी दाखवली: ‘ही कथा जुलैमध्ये लिहिलेली आहे.’ लेखिकेनं ती ठाम नाकारली. तिचं म्हणणं, चौकट वाचून वाचक मला माफ करेल, पण कथा वाचणार नाही.

उघडपणे पर्यायी इतिहास लिहायचा, म्हणजे ‘ज्या जगात २३ ऑगस्टला यान उतरलं नाही, त्या जगात’ अशी सुरुवात करायची, हा मार्ग तिला बौद्धिकदृष्ट्या आवडला होता. पण तिथे वाचक सारखा विचारतो की हेच जग का निवडलं, आणि कथेकडे त्याचं उत्तर नव्हतं. केवळ तारीख चुकली म्हणून दुसरं विश्व निर्माण करणं तिला लबाडी वाटली.

आणखी एक पर्याय सप्टेंबरात उगवला आणि सगळ्यात मोहाचा तोच होता. रोव्हर २ तारखेला आणि लँडर ४ तारखेला निद्रावस्थेत गेले. चंद्रावर चौदा दिवसांची रात्र सुरू होत होती. या लँडरमध्ये रात्रभर ऊब देणारी किरणोत्सारी साधनं नव्हती. त्याची आखणी एका चांद्र दिवसापुरतीच होती. तरी २२ तारखेच्या सुमारास ऊन आलं की तो जागा होईल का, हे सगळा देश विचारत होता. कथेत अपयशी यानाऐवजी झोपलेलं यान घालायचं. तंत्रज्ञ ऐकतोय, आणि सकाळ होतेय! संपादक एकदम तयार झाले. “मॅडम, हेच करा.”

दोन निर्णय

लेखिकेनं त्यांना एकच विचारलं, “सर, माझा फर्मा छपाईला कधी सुटतो?”

१९ सप्टेंबरला गणपती बसणार होते. छापखान्याचे लोक गावी जाणार, म्हणून कथांचे फर्मे त्याआधी सुटायचे होते. यान जागं होतं की नाही हे कळणार २२ ला. म्हणजे पुन्हा तोच खेळ, फक्त या वेळी समजून-उमजून. कथेत यान जागं केलं आणि खऱ्यात झालं नाही, तर एक फजिती. कथेत झोपूच दिलं आणि खऱ्यात जागं झालं, तर त्याहून मोठी. तिनं तो पर्याय सोडला.

पुढे खरं यान जागं झालं नाही. २२ ला इस्रोनं प्रयत्न करूनही संदेश आला नसल्याचं सांगितलं. म्हणजे अपयशाच्या बाजूनं लिहिलं असतं तर कथा तरली असती. संपादक आजही हे बोलून दाखवतात. माझं मत वेगळं आहे. १५ सप्टेंबरला तिच्या हातात जेवढं होतं, त्यावर तिचा निर्णय बरोबर होता; २२ तारखेला काय घडलं त्यानं तो चुकीचा ठरत नाही.

मग तिनं दुसरा निर्णय घेतला आणि कथा तिथून सुटली. तिनं जागा तीच ठेवली, माणूस तोच ठेवला आणि काळ पुढे न्यायच्या ऐवजी मागे नेला: सप्टेंबर २०१९. चांद्रयान-२ चा विक्रम ७ तारखेच्या पहाटे, पृष्ठभागापासून २.१ किलोमीटरवर असताना संपर्क तुटल्याचं जाहीर झालं, ती रात्र. त्याचे अवशेष चेन्नईच्या एका अभियंत्याच्या निरीक्षणामुळे सापडल्याचं नासानं डिसेंबरात सांगितलं. मधले जवळजवळ तीन महिने यानाचं नेमकं काय झालं हे लोकांना कळलेलं नव्हतं. तिला हवं होतं ते नेमकं तेवढंच. आपण समजतो की विज्ञानकथेला भविष्य लागतं. तिला लागतं ते न कळलेलं काहीतरी, आणि ते मागच्या काळातही मिळतं. शिवाय २०१९ ची हळहळ खरी होती, सगळ्यांची होती, आणि २०२३ नंतर ती आठवायला कुणाची हरकत नव्हती. सुराचा प्रश्न आपोआप सुटला.

काम

लेखिकेनं पंचांग काढलं. २०१९ मध्ये गणपती २ सप्टेंबरला बसले होते. गौरी आल्या ५ ला, पूजन ६ ला, विसर्जन ७ ला. म्हणजे संपर्क तुटला ती रात्र गौरीपूजनाची. घरोघरी बायका गौरी जागवत होत्या, झिम्मा-फुगड्या चालल्या होत्या आणि टीव्ही सुरू होता. कथेच्या दुसऱ्या खर्ड्यात तंत्रज्ञाची आई गावी गौरी जागवते आहे आणि मुलगा ब्यालालूला कामावर आहे. पहिल्या खर्ड्यात आई नुसती फोनवरचा आवाज होती. आता निम्मी कथा तिची झाली.

कुठून ऐकायचं यावर एक दिवस गेला. मी सुचवलं होतं की ब्यालालू सोडून नारायणगावजवळ खोडदला या. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तिथे आहेत आणि मराठी वाचकाला ती जागा आपली वाटते. शिवाय २०१६ च्या ऑक्टोबरात मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापारेल्ली यानाचा क्षीण संदेश खोडदनंच पकडला होता. लेखिकेनं तपासलं. शियापारेल्लीचा संदेश ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. जीएमआरटी साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते. विक्रम एस-बँडवर, म्हणजे दोन हजार मेगाहर्ट्झच्या वर बोलत होता. खोडदला तो ऐकूच येणार नाही. माझी सूचना बाद झाली. सांगितलं नसतं तर किती वाचकांना कळलं असतं, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “बारावीच्या पोरांना कळेल. मीच शिकवते ना त्यांना.”

एक नियम तिनं स्वतःलाच घालून घेतला. २७ ऑगस्टला इस्रोनं चंद्राच्या मातीचं तापमान जाहीर केलं होतं: पृष्ठभागापाशी साधारण ५० अंश सेल्सिअस आणि केवळ ८ सेंटिमीटर खाली उणे १०. २०१९ मधल्या पात्रांना हे आकडे माहीत असणं शक्य नाही, तेव्हा त्यांच्या तोंडी ते येणार नाहीत. पण कथेतलं निवेदनही त्या आकड्यांच्या विरुद्ध जाणार नाही. पहिल्या खर्ड्यात ‘बर्फासारखी गार माती’ असं एक सुंदर वाक्य होतं. यान दिवसा उतरतं, तेव्हा पायाखालची माती गार कुठली? वाक्य गेलं. मला त्याचं वाईट वाटलं, तिला वाटलं नाही.

अष्टमीचा चंद्र

दुसऱ्या खर्ड्याचा कळस असा होता: पहाटे दोनच्या सुमारास संपर्क तुटतो, टीव्हीवर सगळे गप्प होतात, आई अंगणात येते आणि वर चंद्राकडे बघते. त्याच क्षणी ब्यालालूला मुलाला ते ‘काहीतरी’ ऐकू येतं. संपादकांनी वाचून डोळे पुसल्याचं सांगितलं. मलाही प्रसंग उत्तम वाटला होता. मजकूर जुळणीला जायच्या आदल्या संध्याकाळी लेखिकेनं छापील प्रत घरी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या वाती वळत होत्या. वळता वळता म्हणाल्या, “अगं, गौरीपूजन म्हणजे अष्टमी. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच मावळतो. दोन वाजता तो अंगणात कुठला?”

भौतिकशास्त्राची पदवी, इस्रोचे आकडे, खोडदची वारंवारिता, आणि चंद्र मावळलेला! तिनं गणित करून पाहिलं. बरोबर होतं. त्या पहाटे चंद्र भारतातून क्षितिजाखाली गेलेला होता. युरोपात तो अजून दिसत होता. नेदरलँड्समधल्या द्विंगेलोच्या २५ मीटरच्या जुन्या रेडिओ दुर्बिणीवरून हौशी निरीक्षकांनी विक्रमच्या संदेशाची घसरती वारंवारिता टिपली होती, हे तिनं आधी वाचलेलंही होतं. ते तिथूनच का टिपलं गेलं, हा प्रश्न तिला पडला नव्हता. म्हणजे कळस दोन बाजूंनी कोसळला: आईला चंद्र दिसत नाही आणि ब्यालालूच्या तबकडीला यान थेट ऐकू येत नाही.

मुदत दुसऱ्या दिवसाची होती. तिनं संपादकांकडून आणखी दोन दिवस मागून घेतले, कारण देऊन. ते चिडले, पण दिले. तिसऱ्या खर्ड्यात आई अंगणात येते तेव्हा आकाश रिकामं आहे. ती म्हणते, तो तिकडे खाली गेलाय, उद्या येईल. चंद्र पुन्हा उगवतो तो ७ तारखेच्या दुपारी. भर उन्हात, ज्या वेळी कुणी चंद्राकडे बघत नाही तेव्हा, गौरी विसर्जनाला निघतात आणि मुलगा हेडफोन चढवतो. रात्रीची कथा दिवसाची झाली. माझ्या मते तिन्हींत हा खर्डा सर्वांत सरस.

परिणाम

फर्मा गणपतीच्या आधी सुटला. चित्र तेच राहिलं. यानाचा आकार ढोबळ होता आणि पाय दोन्ही विक्रमांना चारच, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. फक्त काळं आकाश आणि भर दुपारची कथा यांचा मेळ काय, असं एका वाचकानं विचारलं. त्याला कळवलं की चित्र चंद्रावरचं आहे आणि तिथे दिवसाही आकाश काळंच असतं. अक्षरजुळणीत ‘ब्यालालू’ची दोन-तीन रूपं झाली होती. त्यातलं एक निसटलं, ते छापून आलं.

पत्रं आणि फोन बहुतेक आईबद्दल आले. यानात नक्की काय होतं, हे फार थोड्यांनी विचारलं. २०२३ च्या यशाबद्दल का लिहिलं नाही असं विचारणारेही दोघे-तिघे निघालेच. मानधन ठरलं होतं तेवढंच, आणि एरवीसारखंच दिवाळी उलटून गेल्यावर मिळालं. तिसऱ्यांदा लिहिण्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

जुलैत तारीख घालण्याबद्दल लेखिकेचं आणि माझं अजून जमत नाही. तिच्या मते अपयशावर कथा बेतणं हीच चूक होती. मला तसं वाटत नाही. अपयशाची शक्यता खरी होती, लूना-२५ नं ती दाखवूनही दिली. घोटाळा झाला तो कथेची धार त्या एका संध्याकाळीवर टेकवल्यामुळे. ‘त्या वर्षीच्या पावसाळ्यात’ एवढंच राहिलं असतं, तर ऑगस्टनंतर एखादा परिच्छेद बदलून भागलं असतं. तारीख ही लेखकाला फुकट मिळणारी धार वाटते. तिची किंमत छापताना द्यावी लागते.

संपादकांच्या बाजूनं एक गोष्ट सहज होण्यासारखी होती. उड्डाण १४ जुलैला, उतरण २३ ऑगस्टला, हे सगळ्यांना माहीत होतं. ही कथा चित्रकाराकडे पाठवायला महिनाभर थांबलं असतं तर बिघडलं नसतं. अधिक महिन्यामुळे सवड होती. पण कथा आली की पुढे ढकलायची, ही सगळ्याच अंकांची सवय. त्या वर्षीपासून हे संपादक निमंत्रणाच्या पत्रात एक ओळ घालतात: चालू घडामोडींवर बेतलेली कथा असेल तर तसं आधी कळवा, शेवटच्या फर्म्यात घेऊ.

पंचांग मात्र कुणाच्याच यादीत नव्हतं. विज्ञानकथेचा मजकूर विज्ञानाच्या जाणकाराला दाखवायचा, असा आमच्याकडे रिवाज आहे. तो जाणकार कृष्णविवर तपासतो, वारंवारिता तपासतो. तिथीवर उगवणारा-मावळणारा चंद्र कुणी तपासायचा, हे ठरलेलं नव्हतं. आता मुद्रितशोधनात मीच ते बघते: कथेत चंद्र आला की तिथी काढायची.

‘ज्या जगात यान उतरलं नाही’ तो पर्यायी इतिहास तिनं टाकून दिलेला नाही. यंदा मे महिन्यात त्याची पहिली पानं मला आली. हेच जग का, या प्रश्नाचं उत्तर त्यात अजून नाही, आणि तोवर संपादकांना दाखवू नका असं तिनं बजावलं आहे.